नोंदवलेली गाडी आणि रांगेतला माणूस

परभणीसारख्या गावात मोटार नोंदवल्याची बातमी लपून राहत नाही. गेल्या दसऱ्याला आम्ही विजेवर चालणारी एक मोटार नोंदवली, एकवीस हजार रुपये इसार भरला, पावती कपाटात ठेवली आणि संध्याकाळी सोने वाटायला बाहेर पडलो, तो तिसऱ्याच घरी पेढे मागण्यात आले. विक्रेत्याने आठ आठवड्यांचा वायदा केला होता. आज वैशाख लागला आहे. पेढे वाटून झाले, गाडी यायची आहे. वसमत रोडवर फिरायला निघालो तर ओळखीचा प्रत्येक माणूस नमस्काराच्या आधी विचारतो, ‘‘आली का?’’ आम्ही आता ‘‘येतेय’’ एवढेच म्हणतो.

एका कुटुंबाची गाडी उशिरा आली, यात व्याख्यानमालेपुढे मांडण्यासारखे काय आहे, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. परंतु या सहा-सात महिन्यांत ‘का उशीर होतो?’ या प्रश्नाचा पाठपुरावा करताना आम्हांला बरेच काही समजले आणि आज या सभागृहात आमच्यासारखे इसार भरून बसलेले आणखी काही जण असतील, असा आमचा अंदाज आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की वाट पाहणे आपल्याला नवे नाही. आपल्यातील वडीलधाऱ्यांना फियाटचे दिवस आठवत असतील. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन केली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या निघू लागल्या. पण किती गाड्या काढायच्या हे परवान्याने ठरत असे आणि त्या कोणाला कशा विकायच्या यासाठी १९५९ साली सरकारने मोटारगाड्यांच्या विक्री-वाटपाचा नियंत्रण आदेशच काढला होता. गाडी हातात पडेपर्यंत वर्षे लोटत. बजाजच्या स्कूटरची कथा त्याहून लांब. आकुर्डीच्या चेतकसाठी लोक दहा-दहा वर्षे थांबले आणि मुलगी जन्मली की तिच्या लग्नासाठी स्कूटर नोंदवावी, असे थट्टेने म्हटले जाई. ती थट्टा होती खरी, पण निम्मीच. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली तेव्हाही दहा हजार रुपये भरून लोक आधीच रांगेत उभे होते.

आणि आपण मराठवाड्यातली माणसे तर विजेच्या रांगेतही मुरलेलो आहोत. शेतपंपासाठी कोटेशन भरायचे, पावती जपून ठेवायची, खांब येईल म्हणून बांधाकडे पाहत राहायचे, हे जिंतूरपासून पालमपर्यंत कोणत्या शेतकऱ्याला सांगावे लागेल? महावितरणच्या भाषेत अशा अर्जांना ‘पेड पेंडिंग’ असे नाव आहे. पैसे भरले, काम बाकी. आमच्या मोटारीची अवस्था दुसऱ्या कोणत्या शब्दांनी इतकी नेमकी सांगता येणार नाही.

मात्र जुनी रांग आणि नवी रांग यांत एक महत्त्वाचा भेद आहे. जुन्या रांगेला एकच कुलूप होते, ते परवान्याचे. किल्ली दिल्लीत आहे हे सर्वांना ठाऊक असे. आजच्या रांगेला अनेक कुलुपे आहेत, त्यांच्या किल्ल्या निरनिराळ्या देशांत आहेत आणि ज्याच्यापुढे आपण उभे राहतो त्या विक्रेत्याजवळ बहुधा एकही नसते. त्याच्यावर ओरडणाऱ्या माणसाने (आम्हीही एकदा ओरडलो आहोत) हे ध्यानात घेतलेले बरे.

ही कुलुपे कोणती? विजेच्या मोटारीतील सर्वांत महाग भाग म्हणजे तिची बॅटरी. ही बॅटरी म्हणजे एक डबा नव्हे. शेकडो, कधी हजारो लहान विद्युतघट म्हणजे सेल एकत्र बांधून ती होते. सेल तयार करण्याची रीत लोणच्यासारखी आहे. फोडी केल्या, मसाला भरला, तेल ओतले म्हणजे लोणचे झाले असे कोणी गृहिणी म्हणणार नाही. ते मुरावे लागते. सेलमध्ये पत्रे गुंडाळून द्रव भरला की त्याला प्रथम अगदी सावकाश वीज पाजतात आणि मग काही दिवस, कधी काही आठवडे, तसाच ठेवून देतात. या मुदतीत ज्याची वीज आपोआप उतरते तो सेल नासका समजून बाजूला काढतात. ही मुदत पैसे देऊन तोडता येत नाही. घाई केली तर पुढे गाडी पेटण्याची भीती. आपल्या देशातील मोटारींत बसणारे सेल आजही मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतात. म्हणजे मुरण्याच्या दिवसांत जहाजाचे आणि बंदराचे दिवस मिळवायचे.

दुसरे कुलूप लोहचुंबकाचे. पुष्कळशा विजेच्या मोटारींची चाके फिरवणाऱ्या यंत्रात निओडिमियम नावाच्या धातूपासून केलेली अतिशय जोरदार चुंबके असतात. वजन म्हणाल तर एका गाडीत किलो-दोन किलो. पण चुंबक तापले की त्याची ओढ कमी होते आणि यंत्र तर तापणारच. आमच्या परभणीच्या मे महिन्यात ते जरा जास्तच तापणार! म्हणून त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम या धातूंची चिमूट घालतात, म्हणजे ते उष्णतेतही आपला गुण सोडत नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने अशा सात दुर्मीळ धातूंवर आणि ते घातलेल्या चुंबकांवर निर्यातीचे निर्बंध घातले. माल कोठे व कशासाठी वापरणार याचे दाखले द्या, परवाना मिळवा, मग माल न्या, असा नियम झाला. त्या वर्षी जुलैत पुण्याच्या बजाज ऑटोने जाहीर इशारा दिला की चुंबके आली नाहीत तर ऑगस्टात विजेच्या गाड्यांचे उत्पादन ठप्प होऊ शकते. चिमूटभर धातूसाठी अख्खी गाडी अडते, यावर विश्वास बसणे कठीण जाते. पण पुरणपोळीचा सर्व घाट जमून वेलदोडा नसला तर आपण पोळ्या करतो. मोटारीच्या कारखान्यात तसे चालत नाही. तेथे एक भाग कमी म्हणजे गाडी उभी.

तिसरे कुलूप चिपचे. २०२० सालच्या टाळेबंदीत मोटारींचा खप बसला तेव्हा मोटारवाल्यांनी आपल्या मागण्या रद्द केल्या. चिप करणाऱ्यांनी तो माल फोन आणि संगणकवाल्यांना दिला. वर्षअखेर मोटारवाले परत आले तो रांगेत त्यांचा नंबर मागे गेला होता. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात बर्फाने वीज गेली आणि मार्चमध्ये जपानमधील रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्याला आग लागली. या दोन ठिकाणांशी आपला काय संबंध? पण जानेवारी २०२० मध्ये पुण्यात व बंगळुरात विक्रीला आलेल्या विजेच्या चेतकची नोंदणी थांबवावी लागली आणि १३ एप्रिल २०२१ ला ती उघडली, तेव्हा मागणी इतकी आली की अठ्ठेचाळीस तासांत पुन्हा बंद करावी लागली. बापाने पेट्रोलच्या चेतकसाठी दहा वर्षे काढली आणि लेकाला विजेच्या चेतकसाठी दोन दिवसांत दार लावून घेतलेले दिसले. इतिहासाला विनोदाचे अंग आहे ते असे.

आता साधा हिशेब पाहा. चाकणच्या महिंद्र कारखान्यातील दोन नव्या विजेच्या गाड्यांची नोंदणी १४ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झाली आणि एकाच दिवसात ३०,१७९ लोकांनी नावे घातली. महिन्याला पाच हजार गाड्या बाहेर पडल्या असे धरले, तरी पहिल्याच दिवसाच्या शेवटच्या माणसाला सहा महिने थांबणे भाग आहे. येथे कोणी लबाडी केली असे नव्हे; हा भागाकार आहे. चाकण आपल्यापासून फार दूर नाही. रात्री निघाले तर सकाळी पोचावे. पण गाडी रस्त्याच्या अंतराने येत नाही, ती या भागाकाराच्या अंतराने येते.

मग आमच्या मागून नाव घातलेल्या गृहस्थाची गाडी आधी कशी आली? या प्रश्नाने आमची झोप काही दिवस उडाली होती. वशिला असावा असे वाटले. चौकशीअंती कळले की आपण समजतो तशी एकच रांग नसते. कारखाना गाड्या एकामागून एक करत नाही. प्रकार, बॅटरीचा आकार आणि रंग यांचे गट पाडून करतो. आज पांढऱ्यांची पाळी, उद्या करड्यांची. ज्याने पुष्कळांना हवा असलेला प्रकार आणि सरसकट खपणारा रंग मागितला त्याचा गट लवकर येतो. आम्ही निळा मागितला होता. शिवाय कारखाना गाड्या गिऱ्हाइकाला देत नाही, विक्रेत्याला देतो. आणि ज्या विक्रेत्याचा खप मोठा त्याच्या वाट्याला गाड्या अधिक. मुंबई-पुण्याच्या पेढीला जितक्या येतात तितक्या आमच्याकडे कशा येणार? ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण अभिमानाने म्हणतो, पण मोटारवाटपाच्या वहीत ते अजून कोणी लिहून घेतलेले दिसत नाही.

येथे आम्हांला आमचा एक दोष कबूल केला पाहिजे. गाडीची वाट आमच्या घरी हौसेसाठी चाललेली नाही. आमच्या मातोश्री ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज आहे आणि दर महिन्याला त्यांना नांदेडला इंजेक्शनसाठी न्यावे लागते. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. जुनी गाडी विक्रेत्याने बदल्यात घेतली होती. ‘‘महिनाअखेर द्याल तर जादा भाव,’’ असे तो म्हणाला, आम्ही देऊन टाकली. तेव्हापासून भाड्याच्या गाडीवर मदार. लग्नसराईत एकदा ठरलेला ड्रायव्हर आलाच नाही, आईला एस.टी.ने नेण्याचे धाडस झाले नाही आणि तारीख आठ दिवस पुढे गेली. डॉक्टर आमच्यावर रागावले. पडद्याच्या दुखण्यात गेलेली नजर पुष्कळदा परत येत नाही, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. त्या दिवशी परत येताना गाडीत कोणी बोलले नाही.

आणि तरीही जानेवारीत विक्रेत्याचा फोन आला होता! दुसऱ्या कोणी नाकारलेली, आम्ही मागितलेल्याच प्रकारची, पण पांढऱ्या रंगाची गाडी उभी आहे, हवी असेल तर चार दिवसांत घेऊन जा. पौष महिना चालू होता. आई म्हणाल्या, ‘‘पौषात नवी वस्तू घरात आणू नका रे.’’ आम्ही विज्ञानावर चार शब्द बोलणारे गृहस्थ, त्यांना समजावून सांगू शकलो असतो. पण खरे सांगायचे तर आमच्या मनात निळा रंग होता. आईंचा पौष आम्हांला सोयीचा वाटला. ती गाडी सेलूच्या एका गिऱ्हाइकाने दुसऱ्या दिवशी नेली आणि आमचा नंबर पुढच्या गटात गेला. मुहूर्ताचा प्रकार विक्रेत्यांना चांगला ठाऊक असतो. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि धनत्रयोदशी या दिवशी किल्ली हवी म्हणणाऱ्यांची झुंबड. पौषात आणि पितृपक्षात अंगणात गाड्या उभ्या. ज्याला खरोखर घाई आहे त्याने पंचांगाच्या या रिकाम्या जागा पाहून विक्रेत्याला तसे सांगून ठेवावे.

आमच्याहून मोठमोठ्यांची फजिती झाली आहे, एवढेच समाधान. ३१ मार्च २०१६ रोजी अमेरिकेच्या टेस्ला कंपनीने एका स्वस्त गाडीची नोंदणी उघडली, तेव्हा आपल्या देशातील काही उत्साही लोकांनी प्रत्येकी एक हजार डॉलर भरले. ती गाडी येथे आलीच नाही. नऊ वर्षांनी, २०२५ साली, त्यांचे पैसे परत करण्यास सुरुवात झाली आणि त्याच वर्षी १५ जुलैला कंपनीने मुंबईत दुकान उघडले, ते दुसऱ्याच गाडीचे. राज्य परिवहन महामंडळानेही विजेच्या ५,१५० बस भाड्याने घेण्याचा करार केला होता. ठरल्या वेळी बस आल्या नाहीत, तेव्हा मे २०२५ मध्ये करार रद्द करण्याचे निर्देश परिवहनमंत्र्यांना द्यावे लागले. टाटांच्या नॅनोच्या वेळी मात्र एक वेगळी रीत पाहायला मिळाली. सिंगूरचा कारखाना ऑक्टोबर २००८ मध्ये सोडून साणंदला जावे लागल्याने गाड्या कमी आणि २००९ च्या एप्रिलात नोंदणी दोन लाखांवर. तेव्हा पहिल्या एक लाख गाड्या सोडत काढून वाटल्या. सोडत कोणाला आवडत नाही, पण तिच्यात आपला नंबर कोठे आहे हे माणसाला कळते. आमच्या मते रांगेत उभे राहण्याचा खरा त्रास उशिराचा नसून या न कळण्याचा आहे.

आता कायद्याकडे वळू. इसार भरला म्हणजे गाडी आपली झाली, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. नोंदणीच्या कागदाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत जे छापलेले असते ते आम्ही भिंग घेऊन वाचले, पण इसार भरल्यानंतर चार महिन्यांनी! त्यात बहुधा दोन गोष्टी असतात. एक, किंमत गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी असेल ती द्यावी लागेल. दोन, दिलेली तारीख अंदाजे आहे. म्हणजे वाट पाहताना भाव वाढला तर वाढ आपल्या माथी. कर्जाचेही तसेच. बँकेच्या मंजुरीला मुदत असते आणि गाडी येण्याआधीच रक्कम विक्रेत्याच्या खात्यात गेली तर न चालवलेल्या गाडीचे हप्ते सुरू होतात. गाडीचा चासी क्रमांक लेखी हाती आल्यावाचून बँकेला पैसे सोडू देऊ नयेत. आणि आमच्यासारखी जुनी गाडी नवी येण्याआधी सोडू नये. जादा भावाची मुदत लेखी वाढवून मागावी.

पण बारीक अक्षरे म्हणजे परमेश्वराचे अक्षर नव्हे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हापासून आपल्या राज्यात गिऱ्हाइकाच्या हक्काचा विचार रुजला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो जुलै २०२० पासून अमलात आहे, एक मोठी सोय केली. पूर्वी विक्रेता जेथे असेल तेथे किंवा व्यवहार जेथे झाला तेथे तक्रार करावी लागे. आता तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगापुढेही ती करता येते. म्हणजे गाडी नांदेडला नोंदवली, मुंबईच्या कंपनीची असली, तरी परभणीकराला परभणीतच दाद मागता येते. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. वकील लावणे सक्तीचे नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार केली पाहिजे. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही पहिली नोंद करता येते. मात्र नुसता उशीर झाला म्हणून आयोग गाडी निर्माण करून देणार नाही. आपल्या हाती लेखी वायदा, पाठवलेली पत्रे आणि उशिराने झालेल्या खर्चाच्या पावत्या असल्या पाहिजेत. आम्ही भाड्याच्या गाडीच्या पावत्या मागू लागलो तेव्हा ड्रायव्हर आमच्याकडे विचित्र नजरेने पाहू लागला.

वाट पाहण्याच्या दिवसांत एक काम मात्र उरकून घ्यावे. घरी गाडी भरण्यासाठी वायरिंग लागते. साध्या पंधरा अँपियरच्या प्लगवरून तासाला तीन युनिट वीज मिळते. चाळीस युनिटांची बॅटरी रिकामी झाली तर भरायला सारी रात्र पुरी पडत नाही. भिंतीवरचे मोठे यंत्र बसवले तर सहा तासांत काम होते, पण त्यासाठी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. सर्वांत महत्त्वाचे अर्थिंग. आमच्या घराचे अर्थिंग तपासायला आलेल्या वायरमनने खड्डा उघडला, तो तांब्याची पट्टी गंजून तुटलेली. वीस वर्षे आम्ही त्या भरवशावर फ्रिज चालवत होतो! गाडी उशिरा आली नसती तर ते कधी कळलेच नसते. आता भिंतीवर नवी एम.सी.बी. आहे, खाली प्लग आहे, त्याच्यापुढे मोकळी फरशी आहे, आणि तेथे सध्या आई वाळवणाची कुरडई घालतात.

गाडी ताब्यात घेताना तिच्या जन्माचा महिना विचारावा. तो नोंदणीच्या दाखल्यावरही येतो. नाकारलेली गाडी महिनोन्महिने उन्हात उभी असू शकते. मोठी बॅटरी काठोकाठ भरून किंवा अगदी रिकामी ठेवून उन्हात उभी करणे तिला मानवत नाही, आणि कुलूप-दिवे चालवणारी बारा व्होल्टची छोटी बॅटरी उभ्या-उभ्या उतरते. मोठ्या बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या आठ वर्षांची देतात. ती कोणत्या तारखेपासून मोजणार हे लिहून घ्यावे. एवढे पाहिले की मग हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत एम.एच.२२ लिहून घरी आणायला हरकत नाही.

या व्याख्यानाची टिपणे काढीत असताना परवा विक्रेत्याचा पुन्हा फोन आला. एक गाडी कारखान्यातून निघाली आहे, आठवड्यात पोचेल. प्रकार आमचाच, रंग पांढरा. निळी हवी असेल तर पावसाळ्यापर्यंत थांबावे लागेल. आईंची नांदेडची पुढची तारीख येत्या अकराव्या दिवशी आहे. आम्ही त्याला तत्काळ होकार दिला आणि चासी क्रमांक लेखी मागितला. तो अजून आलेला नाही.